पाच टाके, चार कप

चहाच्या कारखान्यात त्यांना सगळे भुरकादादा म्हणत. चव पारखताना चमच्यातला चहा ते असा भुरकत की पलीकडचा कारकून दचकून शाई सांडे. मग थुंकत आणि निकाल देत. बावीस वर्षं जिभेवर पोट चाललेलं. नाकाने चहा ओळखणाऱ्यांना ते शिकाऊ समजत.

सोमवारी त्यांनी गोदामप्रमुखाला तोंडावर सांगितलं, "तुझ्या मालाला बुरशी लागलीय."

त्यानेही तोंडावरच उत्तर दिलं. मुठीने. दादा कपांच्या फळीसकट कोसळले, खालचा ओठ दाताने आरपार फाटला. दादा तरी कुठले गरीब गाय! उठले आणि पितळी किटली त्याच्या टाळक्यात हाणली. दोघांच्या रक्ताने चहाचे नमुने भिजले. मालकांनी दोघांना बखोटीला धरून वेगळं केलं.

"परवा माझ्यासमोर चव घे," ते दादांना म्हणाले. "चुकलास तर घरी बस."

डॉक्टरांनी ओठाच्या आत पाच टाके घातले आणि बजावलं, भुरकायचं नाही. तोंडाला चव मात्र गटारात भिजवलेल्या गंजक्या खिळ्याची! दादा सारखी टाक्यांना जीभ लावत.

"अहो, जीभ आत!" बायको ओरडली. "लग्न झाल्यापासून सांगतेय, आवरा तिला!"

दुसऱ्या दिवसापासून तिने कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. "खळखळ नको, नुसतं हळू फिरवा." गटार गेलं. खिळा राहिला.

परवाचा दिवस उजाडला. टेबलावर चार कप. समोर मालक आणि डोक्याला पट्टी बांधलेला गोदामप्रमुख. दादांनी चमचा उचलला आणि सवयीने सर्रकन भुरकले. दोन टाके तटकन तुटले. थुंकले ते लालभडक. उरलेले तीन कपही तसेच, हनुवटीवरून रक्त गळत असताना.

"काय, चारही कपांत बुरशी?" गोदामप्रमुख खिदळला.

खोटं बोलायला हीच वेळ होती. दादा म्हणाले, "चारही कपांत माझंच रक्त लागतंय."

मग नाइलाजाने, मान खाली घालून, शिकाऊ पोरासारखं त्यांनी गाळलेल्या ओल्या पत्तीला नाक लावलं. पहिली. दुसरी. तिसऱ्या पत्तीपाशी नाक मुरडलं. "ही."

गोदामप्रमुखाने टेबलावरून झेप घेऊन त्यांचा गळा धरला. कप फुटले. त्याला ओढायला चौघे कामगार लागले, पाचव्याच्या पोटात लाथ बसली. तोवर मालकांनी स्वतः ती पत्ती हुंगली आणि तिसऱ्या नमुन्याचं पोतं सुरीने फाडलं. आत बुरशीची राखाडी जाळी.

"याला बाहेर काढा," मालक गरजले. मग दादांकडे वळले. "आणि तू आधी डॉक्टरकडे पळ. उद्या कामावर ये. ओठ भरेपर्यंत नुसतं नाक आणलंस तरी चालेल."