हुंकारा

आमच्या सास्तूरकडं मोठं माणूस बोलत असलं की मधूनमधून 'व्हय' म्हणायचं असतं. पटलं म्हणून नव्हे. ऐकतोय एवढं कळावं म्हणून. गप्प राहिलं की लगेच विचारतात, "ध्यान कुठं हाय?" हा हुंकारा द्यायची सवय आईनं मला लहानपणीच लावली. त्या सवयीनं माझी नोकरी खाल्ली.

तुळजापूरच्या अलीकडं मुलींच्या एका वसतिगृहाची मी रेक्टर होते. नोकरीसोबत राहायला खोली होती, तिथं आई आणि मी. नवरात्रात संस्थेनं उपवासाच्या मुलींसाठी भगरीचं पीठ पाठवलं. पोतं उघडलं तर कुबट वास आला. स्वयंपाकाच्या मावशींना म्हटलं, याला हात लावू नका, मुलींना केळी आणि शेंगदाणे द्या. मग मी धाराशिवला बैठकीला गेले. माझ्यामागं संस्थेच्या ऑफिसातून मावशींना फोन गेला, "चाळून वापरा." हे मावशींनीच मला मागाहून सांगितलं. संध्याकाळी मुली उलट्या करत दवाखान्यात. सगळ्या बऱ्या झाल्या, पण चौकशी लागायची ती लागलीच.

सोबत वकील किंवा सहकारी आणता येईल, असं मला कळवलं होतं. धाकटा भाऊ मागंच लागला, वकील करू म्हणून. मी त्याला उडवून लावलं. "म्या काय चोरी केलीय? खरं सांगायला वकील कशाला?" वर संस्थेला निरोप दिला, एकटीच येते, पूर्ण सहकार्य करते. केवढा माझा शहाणपणा!

चौकशीला एक निवृत्त मुख्याध्यापक नेमले होते, संस्थेच्या सचिवांचे जुने स्नेही. "बसा बाई. आपल्याच बोलीत बोलू, निवांत." त्यांनी चहा मागवला, फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. "तुमच्याच सोयीसाठी," म्हणाले. शिपायानं बाहेरून दार ओढून घेतलं. दार कशाला लावलं, असं मनात आलं. पण माणूस इतकं गोड बोलत होता की मला माझ्याच संशयाची लाज वाटली.

"तुम्ही उपास धरत नसाल?"

"न्हाय. आमी बौद्ध. आमच्यात नसतो."

"असं."

एवढंच. पण त्यानंतर त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं नाही.

मग गोष्ट सांगावी तसं सावकाश बोलू लागले. पोरी तुमच्या हवाली व्हत्या. व्हय. पिठाला वास येतोय हे तुमच्या ध्यानात आलं व्हतं. व्हय. तरी तुम्ही बैठकीला निघून गेलात. व्हय. "म्हंजी पोरींच्या जिवापरीस तुम्हाला बैठक मोठी वाटली." वाक्य पुरतं कानात शिरायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "व्हय."

"पर सर, ऑफिसातनं फोन..." मी सुरुवात केली. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. "सांगा की, सांगा," म्हणाले. मी सगळं सांगितलं. फोनचं, चाळून वापरायला सांगितल्याचं. ते मान हलवत म्हणत राहिले, "व्हय, व्हय." आणि मी वेडी! त्यांना पटलं असं समजून चहा संपवला आणि हलक्या मनानं घरी आले.

संस्थेच्या बैठकीत ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवलं. या वेळी भाऊ सोबत होता. माझा आवाज शांत होता, कुठंही अडखळत नव्हता. सचिवांनी विचारलं, "आवाज तुमचाच ना?" मी ओरडले, "म्या ऐकत व्हते, कबूल करत नव्हते!" मुख्याध्यापक साहेब शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाईंना आता आपल्याच शब्दांचा अर्थ बदलायचा आहे." तेही याच मातीतले, बेंबळीकडचे. व्हय म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मावशींना फोनबद्दल विचारलं. त्या खाली बघत राहिल्या. त्यांचा मला राग आला नाही. त्यांनाही तिथंच काम करायचं होतं. त्या गोड माणसाचा मात्र अजूनही येतो.

खोली रिकामी करायचा निरोप आला. भाऊ टेम्पो घेऊन आला. वकिलाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. आईला पुढं बसवलं, भांडी चढवली. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आक्का, आता कुणी न्हाय इथं. मला तरी खरं सांग."

माझ्या हातात कळशी होती. ती त्यानं घेतली आणि उत्तराची वाट बघत माझ्यासमोर उभा राहिला.