तांब्याच्या पट्टीला स्पिन

मॅग्नेट पूर्ण चढवला तरी सिग्नल खाली येईना. मंगल तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, हे उतरतच नाय."

मंगल माझी पीएचडीची विद्यार्थिनी. करमाडकडच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातली, घरात पहिलीच एवढी शिकलेली. थीसिस जमा करायला पाच आठवडे उरले होते. तारीख चुकली तर रजिस्ट्रेशन रद्द.

क्वांटम वेल म्हणजे सेमीकंडक्टरचा इतका पातळ थर, की इलेक्ट्रॉन त्यात कोंडला जातो. स्पिन हा इलेक्ट्रॉनच्या अंगचाच गुण, वर किंवा खाली. गोल फिरणारा लेझरप्रकाश टाकला की बरेच स्पिन एका दिशेला लागतात. मग थर स्वतःचा प्रकाश परत देतो. तोही गोल फिरत असला तर स्पिन टिकून आहेत असं समजायचं. आडवा मॅग्नेट लावला की ते विस्कटतात आणि सिग्नल शून्यावर येतो. आमचा निम्म्यावरच अडला होता.

विभागप्रमुख खूश. "अहो, नवीन फिजिक्स आहे हे. पेपर पाठवा."

"आधी खात्री करू द्या, सर."

"खात्रीला पाणी कुठंय?"

तेही खरंच होतं. लेझर थंड ठेवायला वाहतं पाणी लागायचं, आणि त्या दुष्काळात आमच्याकडं टँकर आठवड्यातून एकदा यायचा.

मला राग आला, तो स्वतःचाच. पेपर मलाही हवाच होता. गारखेड्यातून दोन ड्रम आणले, मोटर जोडली, तेच पाणी फिरवत ठेवलं. तापलं की त्यात बर्फाची लादी. मग तो थर असलेला नमुना काढून त्या जागी नुसती तांब्याची पट्टी लावली. तिच्यातून असा प्रकाश येणं शक्यच नव्हतं. तरी सिग्नल आला.

मंगल पट्टी काढत म्हणाली, "दीड वर्षाचं मातेरं झालं की ओ, मॅडम."

"झालं. पुन्हा घेऊ."

बाहेर रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. त्याची धूळ उपकरणाच्या काचेवर बसलेली. तिच्यावरून उडालेला लेझर, त्यालाच अडवायला लावलेला फिल्टर चुकवून, थेट डिटेक्टरमध्ये शिरत होता. तोही गोल फिरणाराच, पण मॅग्नेटला कशाला दाद देतोय? काच पुसली, दुसरा फिल्टर लावला, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या आणि सगळी रीडिंग नव्यानं घेतली. सिग्नल निमूट शून्यावर आला. स्पिनचं आयुष्य, म्हणजे ते किती वेळ टिकतात, आधी काढलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरलं.

विभागप्रमुखांनी ग्राफ पाहिला. "यात नवीन काय आहे?"

"काय नाय, सर," मंगल म्हणाली. "पण खरं हाय."

थीसिस मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाला आणि पासही झाला. न आवडलेला आकडा आपण दहादा तपासतो. आवडलेला आकडा मी दीड वर्ष तसाच ठेवला होता.