लाल जोड

दिव्यांच्या माळा दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे मिणमिण्या म्हणत. डोळे बारीक करून बघायची सवय, आणि आवाजही तसाच, विझत आलेला. बायको मात्र तोंडाची फटकळ. दोघं एकाच बाकावर बसून काम करत. तो मेलेला दिवा शोधून कापून टाकायचा, ती तारेची टोकं पिळून डाख द्यायची आणि वरून नखांचं लाल पॉलिश फासायची. चिकटपट्टीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"तारेला एवढा नट्टापट्टा कशाला?" तो मुद्दाम खोडी काढायचा.

"माझा एक तरी जोड सुटलेला दाखवा, मग बोला," ती उसळायची. संसारभर दाखवायला एकही मिळाला नाही.

ती गेली. लोकही आता बिघडलेली माळ सरळ कचऱ्यात टाकून नवी आणू लागले, त्यामुळे दुकानात लाल जोड दिसेनासे झाले. एके दिवशी गल्लीतल्या न्हाव्याने आरशाभोवतीची बंद पडलेली माळ आणली आणि तिच्यात एक लाल जोड दिसला, तेव्हा मिणमिण्याने हातातलं काम बाजूला सारलं.

"काका, जमलं तर बघा. नाहीतर टाकून देतो," न्हावी म्हणाला.

वीज असेल तिथवर टेस्टर वाजतो, गप्प होतो तिथे बिघाड, हे मिणमिण्याला झोपेतही ठाऊक. टेस्टर लाल जोडापाशी गप्प झाला. त्याने जोडाच्या पुढचा दिवा बदलला. मग मागचा. मग नवा दिवाच फुसका म्हणत पुन्हा पुढचा. जोडाला काही हात लावेना. समोर स्टुलावर बसलेली लेक कधीची बघत होती.

"बाबा, जोड सुटलाय."

"तुझ्या आईचा आहे तो."

"माहितीये. तरी सुटलाय."

"मग राहू दे. त्याला नवी माळ देऊ, ही आपण ठेवू."

लेकीचे डोळे भरले. "बंद माळ दुकानात ठेवलेली आईला चाललं असतं?"

कसलं चालतंय! अख्खं दुकान डोक्यावर घेतलं असतं तिने. मिणमिण्याने पक्कड उचलली, खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा उचलली आणि जोड कापला. न्हाव्याच्या फवाऱ्याचं पाणी पॉलिशच्या चिरेतून आत शिरून तांबं हिरवं पडलं होतं. नवा जोड त्याने स्वतःच पिळला, डाख दिला. माळ लख्ख पेटली.

"वा काका! काय झालं होतं?" न्यायला आलेल्या न्हाव्याने विचारलं.

"जोड सुटला होता," मिणमिण्या म्हणाला आणि सवयीने बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे वळला. कापलेला लाल तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. दाखवायला अखेर एक सापडला होता, आणि बघून भांडायला ती नव्हती. मिणमिण्या न्हाव्यादेखत ढसाढसा रडला.