आधी सांगायचं वाक्य

आमच्या धाकटीला घरात सगळे पोपट म्हणत. वाचलेलं तिला जसंच्या तसं पाठ व्हायचं, आणि ते कुणाला ऐकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. डॉक्टर झाली तरी खोड गेली नाही. हृदय अचानक बेफाम धावू लागलं तर काय करायचं, हे शिकताना तिने मला आठवडाभर दिवाणावर आडवं पाडलं होतं.

"हे औषध क्षणात विरून जातं, ताई. म्हणून सुई कोपराजवळच्या मोठ्या शिरेत, औषध एका झटक्यात, पाठोपाठ सलाईन, आणि हात वर!" रिकामी सिरिंज दाबून ती माझा हात असा उचलायची, की खांदा निखळायचाच बाकी राही.

"आणि मला काय होणार?" मी विचारलं.

"पेशंट मध्ये बोलत नाही. गप्प पड."

मी गप्प पडले. हसलेसुद्धा.

थोड्याच दिवसांत तिच्या वॉर्डात शिवणवाल्या मावशी आल्या. आम्हा दोघींचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले, तेही पुढच्या वर्षी पुरतील एवढे ढगळ. आता त्यांची छाती धडधडत होती, नाडी बोटाला लागेपर्यंत पुढे पळत होती. मोठे डॉक्टर शेजारी उभे राहिले आणि पोपटाने एकही पायरी चुकवली नाही. पडद्यावरची रेघ सपाट झाली, मग संथ, सरळ चालू लागली. मोठे डॉक्टर "शाब्बास" म्हणाले. तिने तिथूनच मला फोन केला, आनंदाने तिला धड बोलता येत नव्हतं. मावशींच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नाही.

तो चेहरा मला दिसला, त्यांच्याकडे एक झगा सैल करून घ्यायला गेले तेव्हा.

"तुझी बहीण गुणी आहे गं," मावशी म्हणाल्या, "पण तिने मला मारलं. छातीवर कुणीतरी बसलं, श्वास अडला, डोळ्यांपुढे अंधार. मुलाला हाक मारायला गेले तर आवाज फुटेना. परत आले ते माझं नशीब. आता त्या दारात पाय ठेवायची नाही."

घरी येऊन मी हे पोपटाला सांगितलं. ती हसली. "अगं, सगळ्यांनाच तसं होतं! औषध हृदयाला क्षणभर थांबवतं, म्हणून तर ते ताळ्यावर येतं. पेशंटला आधी सांगायचं असतं..." आणि तिथेच ती अडखळली. ते वाक्य पुस्तकात होतं. तिला पाठही होतं. म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "मग आता जा आणि सांग."

"रविवारी जाते."

रविवारी ड्यूटी निघाली. पुढच्या रविवारी ती झोपून राहिली. मग ते मागेच पडलं. मीही तिच्या पाठीस लागले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

थंडीत मावशींची धडधड परत सुरू झाली आणि थांबलीच नाही. "पित्त झालंय" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मुलाने दवाखान्याचं नाव काढलं की त्या शिलाईमशीन आणखी जोरात चालवायच्या. दिवसेंदिवस धावून हृदय थकलं, छातीत पाणी भरलं, आणि एका दुपारी त्या मशीनवरच कोसळल्या. मुलाने मला फोन केला. आम्ही त्यांना नेलं, ते नेमकं पोपटाच्याच हाती.

इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. आता विजेचा झटका द्यावा लागणार होता. मावशींना शुद्ध नव्हती. सगळे खाटेपासून दूर झाले. मी दारातून पाहत होते. पोपट मात्र खाली वाकली, मावशींच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हणाली, "मावशी, क्षणभर जीव जातोय असं वाटेल. घाबरू नका. मी इथेच आहे."

"त्यांना ऐकू येत नाहीये," मोठे डॉक्टर म्हणाले. "हो बाजूला."

ती बाजूला झाली. झटके देऊन झाले. मावशी परत आल्या नाहीत.

ती माझ्याबरोबरच घरी आली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "ताई, तू तर विचारलं होतंस. मला काय होणार म्हणून."