दोन तालुक्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला कुलूप होतं. किल्ली अण्णांच्या ड्युटीच्या शर्टात असायची, आणि आत कॉम्प्युटर नव्हता.

अण्णा म्हणजे माझे वडील. दौंडला रेल्वेत, मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीवर. आम्ही राहायचो रेल्वे कॉलनीत. मी कार्यकर्ता होतो, म्हणजे पत्रकं काढायचो. नळाला पाणी उशिरा आलं की पत्रक. लवकर आलं तरी पत्रक (नागरिकांना हंडे धुवायला वेळ न देता पाणी सोडणाऱ्या बेदरकार यंत्रणेचा जाहीर निषेध). जयंती समितीत वाढलेला माणूस मी. घरात भाजी कुठली करायची हा प्रश्नसुद्धा ठराव, अनुमोदन आणि मतदान यांच्याशिवाय सुटतो, हे मला पटायचंच नाही. आईला पटायचं. ती भाजी करून मोकळी व्हायची.

कॉम्प्युटर पाहिजे होता सुजीला, माझ्या धाकट्या बहिणीला. बारावी झाल्यापासून ती स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बंदुकांचा एक खेळ खेळायला जायची. तिथं बसलेल्या पोरांना ती खेळात एका जागी उभं राहू द्यायची नाही. शिरूरची पोरं एकदा दौंडला येऊन हरून गेली आणि जाताना म्हणाली, "चार नंबरच्या मशीनची कमाल आहे, पोरीची नाही. एवढा दम असेल तर शिरूरला ये. आम्ही आमची मशीनं आणतो, तू तुझं आण."

सुजी म्हणाली, "येते." सामना रविवारी ठरला. मशीन मात्र ठरायचं होतं.

अण्णांचा बोनस आला होता. मांडवगण फराट्याच्या बबनमामांचं उसाचं बिल आलं होतं. भाचीच्या नाकाचा प्रश्न म्हणून मामांनी निम्मा भार उचलला. पण मामा गावातल्या सोसायटीच्या राजकारणात मुरलेले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मुद्दा काढला.

"दाजी, पैशाचं काय न्हाई. पण निम्मा पैका शिरूर तालुक्याचा हाय. तवा निम्मं सामान शिरूरला घ्यायला पायजे."

"काय फरक पडतो, बबनराव?" अण्णा म्हणाले.

"फरक कसा न्हाई? सगळं दौंडला व्हायचं. रेल्वे दौंडला, जंक्शन दौंडला. आता कॉम्प्युटर बी दौंडलाच?"

मी ताडकन उठलो. प्रादेशिक असमतोल हा तर माझा आवडता विषय. मी तिथल्या तिथं संगणक खरेदी समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य अण्णा, आई आणि मामा. प्रत्येकाला एकेक भाग, आणि खरेदी दोन्ही तालुक्यांत समसमान.

"आन् मी?" सुजीनं विचारलं.

"तू लाभार्थी आहेस. लाभार्थ्याला समितीत घेता येत नाही. हितसंबंध येतात."

(याच्या आदल्याच महिन्यात मी 'निर्णयप्रक्रियेत स्त्रिया कुठे आहेत?' असं पत्रक काढलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर पाय आपटत उभं होतं.)

"दादा, ऐक. आधी मदरबोर्ड ठरव. त्याच्यावर काय बसतं ते बघून बाकीचं घ्यायचं. म्हणजे पुढं पाच-सहा वर्षांनी नुसतं कार्ड बदललं तरी मशीन चालतं."

"म्हणजे एकानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान खाली घालून त्याच्या मांडीवर बसायचं? ही सरंजामशाही झाली सुजे. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. प्रत्येकाला स्वतःच्या गुणांवर निवडून येण्याचा हक्क आहे."

सुजीनं आईकडं बघितलं. आईनं छताकडं.

खातेवाटप झालं. अण्णांकडं कॅबिनेट, म्हणजे ज्या डब्यात सगळं बसवतात तो. मामांकडं ग्राफिक्स कार्ड. आईकडं रॅम. मदरबोर्ड आणि प्रोसेसर ही दोन वजनदार खाती मी स्वतःकडं ठेवली. हार्डडिस्क आणि मॉनिटर वगैरे किरकोळ खाती सुजीला दिली. लाभार्थ्यालाही अगदी डावलायचं नसतं.

अण्णांनी दुकानातलं कॅबिनेट हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं आणि परत ठेवलं. "ह्यो पत्रा हाय का पापड? उद्या ह्याच्यावर मांजर बसलं तर मशीन दबून मरंल." आयुष्यभर मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त केलेल्या माणसाला टिकाऊ या शब्दाचा अर्थ आपण काय सांगणार. त्यांनी मोजमाप नेलं ते थेट लोखंडी कपाटं बनवणाऱ्याकडं. परत आले ते दोन माणसं आणि एक हातगाडी घेऊन. करड्या रंगाचं, जाड पत्र्याचं, कडी-कुलपाचं कॅबिनेट. बाहेर ठेवून पावसाळा काढला असता तरी आतली कागदं कोरडी राहिली असती.

"अण्णा, ह्याला हवा कुठून जाणार?" सुजीनं विचारलं.

"हवा कशाला जायला पायजे? हवा गेली की धूळ गेली. धूळ गेली की उंदीर गेला."

"आन् वायर?"

अण्णा जरा थांबले. "वायर आतच ठिव की. बाहेर काय काम हाय तिचं?"

आईनं रॅमच्या दोन पट्ट्या आणल्या. एक दौंडच्या दुकानातून, एक शिरूरच्या. "एक सासरची, एक माहेरची," ती म्हणाली. "उगं कुणाला बोलायला जागा नको." दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या. सुजीनं त्या शेजारी शेजारी धरल्या, डोळे बारीक केले, आणि ठेवून दिल्या. तोपर्यंत तिनं बोलणं सोडलं होतं.

मामांनी शिरूरच्या दुकानदाराला सांगितलं, "निमोण्याच्या पाव्हण्याच्या पोराकडं जे कार्ड हाय, त्याच्याहून मोठं दाखवा." मोठं दाखवलं. "ह्याच्याहून मोठं?" तेही दाखवलं. त्याच्या वर काही नाही म्हटल्यावर मामा खूश झाले. पंखा बोटानं फिरवून बघितला आणि पिशवीत घातलं. एवढ्या कार्डाला वीज पुरवणारा मोठा डबाही दुकानदारानं गळ्यात मारला. मामांनी तोही आनंदानं घेतला, कारण तो जड होता.

आता माझी खाती. तालुक्यांचा समतोल साधायचा म्हणून मी मदरबोर्ड दौंडला घेतला आणि प्रोसेसर शिरूरला. दौंडचे दुकानदार बंटीशेठ. गळ्यात तुळशीची माळ, स्वभाव मऊ. त्यांनी दोन बोर्ड समोर ठेवले. "हा नवीन निघालाय. आता सगळं ह्याच्यावरच येणार आहे."

"आणि हा?"

"हा जुन्या पद्धतीचा. चांगला आहे, पण आता बंद होत आला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली वस्तू बंद करायची आणि माणसाला नवी घ्यायला लावायची, या कारस्थानाविरुद्ध मी पूर्वी दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढलं होतं. "जुनाच द्या," मी म्हणालो. "लोकांनी पारखलेला."

"देतो की. पण प्रोसेसर कुठला घेताय तेवढं सांगा."

"ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही."

बंटीशेठनी बोर्ड खोक्यात घातला. घालताना हसू दाबलं. ते हसू मला नफेखोरीचं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी जुळणी. मामा मुद्दाम मांडवगणहून आले होते. सतरंजीवर सगळे भाग मांडले. सुजी मधोमध बसली, आम्ही समिती भोवतीनं.

प्रोसेसर पहिला. मदरबोर्डाला बारीक बारीक भोकं होती. आणि माझ्या प्रोसेसरला त्या भोकांत बसायला एकही टाचणी नव्हती. खाली नुसते सोनेरी ठिपके.

"तोडल्या का काय टाचण्या शिरूरवाल्यानं?" अण्णा म्हणाले.

"ओ दाजी, तालुक्यावर जायचं न्हाई," मामा म्हणाले.

मग रॅम. सासरची पट्टी टक्कन बसली. माहेरची खाच भलत्याच जागी. मामा म्हणाले, "जरा जोर लावा." आई म्हणाली, "माझ्या माहेरच्याला कुणी दाबायचं न्हाई हं." मग मामांचं कार्ड. ते तर बोर्डावरच्या कुठल्याच खाचेत शिरेना. आणि तो बोर्ड अण्णांच्या कपाटात बसेना, कारण त्याला धरायला आत एकही स्क्रू नव्हता. होता फक्त एक खण. (कपाटवाल्यानं सवयीनं घातला होता. वरच्या बाजूला दागिन्यांचा.)

आई उठून चहा टाकायला गेली. सुजी सतरंजीवर बसून शिरूरच्या पोरांना काय सांगायचं याचा विचार करत होती. तिचा चेहरा मला बघवेना. आणि मला काही बघवलं नाही की मी काय करतो, हे सगळ्या दौंडला माहीत आहे.

शनिवारी सकाळी बाजारात माझं पत्रक वाटून झालेलं होतं. 'दौंडकरांनो, सावध! निष्पाप ग्राहकाच्या माथी निरुपयोगी मदरबोर्ड मारणाऱ्या रक्तपिपासू नफेखोरांना धडा शिकवा!' एक प्रत मी स्वतः बंटीशेठच्या शटरच्या फटीतून आत सरकवली. छाती फुगवून घरी आलो, तर सुजी अजून सतरंजीवरच होती. पण चेहरा वेगळा.

"दादा, हे बघ. तुझा प्रोसेसर, माहेरची रॅम, मामाचं कार्ड. शिरूरचं सगळं एका पिढीचं आहे. सगळं एकमेकांत बसतं."

"मग अडलंय कुठं?"

"तुझ्या बोर्डावर. बंटीशेठकडचा तो नवा बोर्ड घेतला असता तर काल रात्रीच चालू झालं असतं. चल, बदलून आणू. ही सासरची पट्टी पण घे, तीबी जुनीच आहे."

मी खाली बसलो.

"काय झालं?" सुजीनं विचारलं. मी खिशातली उरलेली प्रत तिच्या हातात दिली. तिनं ती वाचली. उलटून बघितली, मागं काही माफी वगैरे छापली आहे का म्हणून. मग म्हणाली, "चप्पल घाल."

बंटीशेठनी पत्रक काउंटरच्या काचेखाली ठेवलेलं होतं. आम्हाला बघून चष्मा लावला.

"या. नफेखोर लिहिलंय, त्याचं मला काही नाही. धंदा आहे. पण रक्तपिपासू? अहो, आमच्या घरात कांदा चालत नाही."

"शेठ, हा आमच्या घरातला लिहायचा माणूस आहे, विचार करायचा नाही," सुजी म्हणाली. "उद्या माझा शिरूरला सामना आहे. बोर्ड आन् रॅम बदलून द्या."

"तुझा सामना? त्या चार नंबरवाल्या पोरीचा?" शेठ तिच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं वळले. "देतो. पण एक अट आहे. ह्यांनी माझ्या दुकानाचं पत्रक लिहायचं. आणि जिथं हे वाटलं, तिथंच उभं राहून ते वाटायचं."

मी जाहिरातबाजीच्या विरोधात होतो. तत्त्वतः होतो, लेखी होतो. मी सुजीकडं बघितलं. ती बोर्डाच्या खोक्याकडं बघत होती, लहानपणी जत्रेत पाळण्याकडं बघायची तशी. मी पेन मागितलं.

पण हाताला जे वळण लागलं ते लागलं. मी लिहिलं, 'दौंडकरांनो, जागे व्हा! न जुळणारे पार्ट आणखी किती दिवस सहन करणार? हा अन्याय फक्त एकाच दुकानात थांबतो, बंटीशेठकडे!' दुपारी बाजारात उभं राहून वाटलं. सकाळी ज्यांनी पहिलं घेतलं होतं त्यांनीच दुसरं घेतलं. एका आजोबांनी दोन्ही शेजारी धरून वाचली आणि विचारलं, "पोरा, तुझं नक्की काय ठरलंय?"

संध्याकाळी मशीन चालू झालं. अण्णांच्या कपाटात बसेना आणि दुसऱ्या कॅबिनेटचा विषय अण्णांसमोर काढायची कुणाची छाती होईना, म्हणून आईनं स्वयंपाकघरातला पाट दिला. सुजीनं बोर्ड त्या पाटावर बसवला, कार्ड सुतळीनं बांधलं. रविवारी मामांच्या टेम्पोतून ती शिरूरला निघाली तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, "पाट आठवणीनं आण."

शिरूरची पोरं पाटावरचं मशीन बघून इतकी हसली, इतकी हसली, की पहिला डाव हसण्यातच हरली. दुसरा डाव ती हसली नाहीत. तोही हरली. मामांची मोठी कुचंबणा झाली, कारण हरलेली पोरं त्यांच्या तालुक्याची होती. शेवटी त्यांनी तोडगा काढला आणि तो परतीच्या वाटेवर भेटेल त्याला ऐकवला. "जिंकलं दौंड. पण कार्ड कुणाचं? शिरूरचं!"

बंटीशेठकडं पुढं बरेच दिवस गर्दी राहिली. माझ्या सगळ्या पत्रकांत लोकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं ते एकच, त्यांच्या दुकानाचं. पाणी अजून उशिरा येतं.

अण्णांचं कॅबिनेट आजही आमच्याकडं आहे. एक ओरखडा नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. त्यात माझी न खपलेली पत्रकं ठेवली आहेत. धूळ जात नाही, उंदीर जात नाही. वाचकही जात नाही.

सुजीचं मशीन तिनं सांगितलं होतं तसंच टिकलं. परवा तिनं कार्ड बदलायचं काढलं, तेव्हा मी जुन्या अनुभवाच्या बळावर समितीची बैठक बोलावली. आई आली नाही, अण्णा आले आणि झोपले. सुजीनं दारातूनच विचारलं, "दादा, तू पत्रकं कशावर टाईप करतोस?"

"तुझ्या कॉम्प्युटरवर."

"मग तू लाभार्थी. तुला मत नाही."

या हुकूमशाहीविरुद्ध मी अत्यंत कडक पत्रक लिहून तयार ठेवलं आहे. सुजीचा खेळ संपला की टाईप करणार आहे.