नाव न विचारणारी चौकशीबाई

आमची ही समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याला काहीही विचारू शकायची. नशा कधी लागली, पहिली पुडी कोणी दिली, पोलिसानं कुठं मारलं. विचारताना डोळे मात्र मांडीवरच्या भुईमुगाच्या शेंगांवर. कसब्यात तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे. कौतुकानं नाही, टोचायला. तिनं ते नाव नवं पातळ नेसावं तसं अंगावर घेतलं.

मी शिकलेला नाही. चौथीनंतर बापानं हातात हातोडी दिली, ती हात थरथरायला लागेपर्यंत खाली ठेवली नाही. तांब्याचे बंब, घागरी, हंडे घडवले. मग लोकांकडे गीझर आले, प्लास्टिकच्या बादल्या आल्या. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली तोवर माझी भट्टी बहुतेक दिवस गारच असायची. ही नववी शिकलेली. एका संस्थेच्या डॉक्टरीणबाई गर्द ओढणाऱ्या, पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांची पाहणी करणार होत्या. नशेनं शरीराचं काय होतं आणि पकडल्यावर कायदा पोराचं काय करतो, दोन्ही त्यांना एकत्र बघायचं होतं. गल्ल्या ओळखणारी बाई हवी होती. ही गेली. मी म्हणालो, "घरातली कामं संपली का?" तर म्हणे, "घरातली कामं कोणाची संपली आहेत? तुम्ही रिकामे आहात, करा थोडी."

दुपारी नदीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. छापील प्रश्न तिला दिले होते, ते तिनं पाठ केले आणि कागद घरी ठेवले. बरोबर शेंगांची पिशवी. ढीग मध्ये ओतायचा आणि फोडायला लागायचं. पोरगं जरा वेळ बघायचं, मग तेही फोडायला लागायचं. "हात गुंतले की तोंड सुटतं, अहो," असं ती मला सांगायची. दाणे निम्मे पोरांच्या पोटात जायचे. मी विचारलं, "पाहणी करतेस का पोरं पोसतेस?" ती म्हणाली, "उपाशी माणूस आपल्याला बरं वाटेल तेच बोलतो. पाहणीला ते चालत नाही."

दुसरी सवय नावाची. पोरगं बोलायला लागलं की आधी हात वर करायची. "नाव सांगू नकोस, बाळा. माझ्या पोटात गेलं तर कोणीतरी दम देऊन काढून घेईल." डॉक्टरीणबाईंचा तसा नियमच होता, पण हिनं तो व्रतासारखा पाळला. घरी येऊन मला सांगतानाही लाल शर्टाचा, तोतरा, अंगठ्याचा, असंच बोलायची. अंगठ्याचा म्हणजे ज्याच्या उजव्या अंगठ्यावर गर्द तापवायला काड्या पेटवून पेटवून काळा डाग पडला होता तो. शेंगांची टरफलं एकात एक बसवून ठेवायचा म्हणे, फार टापटिपीचं पोरगं. त्यानंच तिला सांगितलं, की त्याचा दोस्त नदीकाठी निळा पडला आणि हे सगळे पळाले. दवाखान्यात न्यावं तर तिथं आधी पोलीस विचारणार, माल कोणाचा? त्या दिवशी ही जेवली नाही. "अहो, दोघांनी उचलून नेलं असतं तरी वाचलं असतं. नशेनं नाही हो, भीतीनं मेलं ते पोरगं." डॉक्टरीणबाई नेमकं हेच गोळा करत होत्या.

भीती मग आमच्याही दाराशी आली. माझी भट्टी घराला लागूनच, तिच्यासमोर पानाची टपरी होती. तिथं मोटारसायकलवर एक जण येऊन बसायला लागला. डोळ्यांवर गॉगल, सावलीतसुद्धा. पुड्या कोण आणतो ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि हा त्याचा माणूस. एकदा आत आला. एक घागर उचलून नखानं वाजवून बघितली.

"काका, मावशी बऱ्याच गप्पा मारतात हो. कोण कोण बोलतं त्यांच्याशी?"

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. अर्धं खरं होतं, जन्मभर ठोके घालून कान गेलेच होते.

"बरंय," तो हसला. "बहिरी माणसं पुष्कळ जगतात."

घरी येऊन मी हिच्यावर ओरडलो. म्हणालो, "सोड हे. उद्या मी एकटा पडेन." ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. "मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून तर शेंगा नेते. हात कापतात ते पोरांना दिसत नाही."

मग दसरा आला. ही दाराला तोरण बांधत होती. समोर अंगठ्याचा उभा. डोक्याला चपचपीत तेल, धुतलेला शर्ट, हातात आपट्याची पानं. "मावशी, सोनं घ्या." आणि भर गल्लीत उंबऱ्यापाशी वाकून पाया पडला. त्याच्या मागं तोतरा आला. मग लाल शर्टाचा. आणखीही आले. आपापसात ठरवून आले होते. वर्षभर आपल्याजवळ कोण बसलं, तर मावशी, मग दसऱ्याला तिला सोनं द्यायला नको? संस्कार होते हो पोरांवर, नशा असली म्हणून काय झालं! दसऱ्याला पाया पडणाऱ्या पोराला नको कसं म्हणायचं? समोर टपरीपाशी त्या माणसानं गॉगल काढला आणि एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं.

हिनं सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला, दार लावलं आणि खालीच बसली. "अहो, मी एकाचं नाव विचारलं नाही आणि आज सगळे तोंड दाखवून गेले."

जरा वेळानं उठली. म्हणाली, "चला, पिशवी घ्या." चौकातून आपट्याच्या जुड्या आणल्या आणि अख्खी गल्ली पालथी घातली. जो पोरगा दिसेल त्याला सोनं. क्लासची पोरं, वाण्याचा मुलगा, बँडवाल्याचे पुतणे. "वाकायला कंबर दुखते का रे?" असं म्हणून प्रत्येकाला पाया पडायला लावलं. कोण कोणाचं ते कळूच नये म्हणून. वाणी ओट्यावरून म्हणाला, "काय चौकशीबाई, निवडणुकीला उभ्या राहताय काय?" ही म्हणाली, "हो, तुमचं मत धरलंय." शेवटी रस्ता ओलांडून त्या गॉगलवाल्यासमोर गेली. "घ्या, सोन्यासारखे राहा." तो मोटारसायकलवरून उतरला आणि वाकला. आईनं लावलेली सवय, दुसरं काय. तो खाली वाकलेला असताना हिनं दोन्ही हात माझ्याजवळच्या पिशवीत खुपसले, पानं शोधल्यासारखे.

आम्हाला वाटलं, निभावलं. पण अंगठ्याचा परत पायऱ्यांवर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतर नाही. बाकीची पोरं मान फिरवायची. "गावाला गेला असेल, मावशी." ही चौकीत गेली, मी बरोबर होतो. हवालदार तसा बरा माणूस, खुर्ची दिली.

"नाव काय मुलाचं?"

"माहीत नाही."

"बापाचं?"

"नाही माहीत."

"राहतो कुठं?"

हिनं आपला उजवा अंगठा पुढं केला, "इथं काळा डाग आहे त्याच्या." त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, मग आम्ही शोधायचं कोणाला? अंगठ्याला?"

डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. समजूत घालत म्हणाल्या, तुम्ही नियम पाळलात, चूक तुमची नाही. ही म्हणाली, "नियम आहे हो जागेवर, मॅडम. पोरगं नाही."

पण काम सोडलं नाही. एक बदल केला. पोरांना सांगायला लागली, "मला नाव सांगू नका. भट्टीवर माझा नवरा असतो, त्याच्या कानाला तोंड लावून सांगून या. नाव आणि आई कुठं राहते ते. तो पुढं काही विचारायचा नाही." पोरं गळकं भांडं दाखवायला आल्यासारखी यायची, नाव सांगून जायची. मी मान हलवायचो. लिहिलं कधीच नाही. हिला पोरगं दिसेनासं झालं की मला म्हणायची, घाऱ्या डोळ्यांचा आला नाही. मग मी निघायचो. असाच एक जण मोठ्या सरकारी दवाखान्यात सापडला, जमिनीवर पडलेला, कागदावर 'अनोळखी'. मी त्याचं नाव घेतलं, आईला बोलावून आणलं. तो जगला. आता कॉम्प्युटर कंपनीच्या माणसांची बस चालवतो, कर्वेनगरात राहतो. सगळेच काही असे सापडले नाहीत.

हिच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात कोणी वॉर्डबॉय आला की ही त्याचा हात धरायची, उजवा. मी म्हणायचो, "अगं, तो आता पोरगा असेल का? चांगला पस्तिशीचा बाप्या झाला असेल." ती म्हणाली, "मग पस्तिशीतले अंगठे बघू." आणि गेली ती तशीच, अंगठ्याचा न सापडता.

आता नावं एकट्या माझ्याकडे आहेत. कोणाला सांगू? त्यातले काही संसाराला लागले, त्यांच्या बायकांना काही ठाऊक नाही. काही अजून पायऱ्यांवर आहेत. डॉक्टरीणबाई केव्हाच परगावी गेल्या. रोज सकाळी अंघोळ करताना मी सगळी नावं एकदा म्हणून घेतो. लोक देवाची घेतात, मी यांची. परवा मधलं एक नाव आठवेना. पोराचं तोंड डोळ्यांसमोर, आईचं घर डोळ्यांसमोर, नाव नाही. ही गेली त्या दिवशीसुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. ओल्या अंगानं तसाच बसून राहिलो. शेजारीण दार वाजवत होती, "काका, बरं आहे ना?" उत्तर दिलं नाही, दिलं असतं तर जिभेवर आलेलं परत गेलं असतं.

दुपार कलल्यावर आठवलं. मोठ्यानं म्हटलं आणि मग जेवलो.