फ्रीजरमधलं बोंडास

कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्या समुद्री प्राण्याला मंगळूरकडचे लोक बोंडास म्हणतात. समुद्रापासून लांब आमच्या चिटगुप्पा गावात यातला एकही शब्द कुणाला माहीत नाही. बोंडा मात्र सगळ्यांना माहीत आहे, बटाट्याचा, बेसनात बुडवून तळलेला. त्या एका 'स'पायी माझ्या घरात नको ते झालं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर हाच प्राणी, स्क्विड, काढायचा: आठ हात, दोन लांब सोंडा, तीन हृदयं, निळं रक्त. समुद्र न पाहिलेली पोरं मान खाली घालून ते उतरवून घ्यायची. एकदा एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, तुमी तरी बघितलाव का?" मी पाहिला नव्हता. मला राग आला, तिचा नाही, माझाच. मंगळूरला माझी एक जुनी वर्गमैत्रीण आहे. तिला म्हटलं, दोन पाठव.

आता घराचं सांगते. आम्ही बसवण्णांना मानणारे. सगळ्यांच्या गळ्यात लिंग, आणि अंडंसुद्धा आमचा उंबरा ओलांडत नाही. सासूला आम्ही अत्ती म्हणतो. लग्न ठरताना सासरे माझ्या नोकरीला नको म्हणत होते, तेव्हा अत्तीनंच त्यांना गप्प केलं. मला म्हणाली, "काय अडलं तर मला सांगत जा ग, मी बघते." सहा वर्षं तिनं तो शब्द पाळला. सकाळच्या बससाठी मी धावत असायची आणि डबा माझ्या हातात यायचा.

पार्सल बसनं आलं ते शनिवारी दुपारी. लॅबला कुलूप, ते सोमवारी उघडणार. बर्फ निम्मा वितळलेला. अत्तीला सांगावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण ती नको म्हणाली तर? मी पाकीट फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांमागं सारलं. पाकिटावर मैत्रिणीनं कानडीत ठळक लिहिलं होतं, 'बोंडास'. ते पुसायचं मला सुचलं नाही. शहाणपण करायला गेलं की असंच होतं.

रविवारी सकाळी मी ज्वारी घेऊन गिरणीवर गेले. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, तेवढ्यात फोन वाजला. अत्तीचा. अर्धं ऐकू येईना. "जंगमस्वामी आलेत... फ्रीजरमदी बोंडा सापडला... तेल ठिवलंय." दिवाळीला नणंदेनं हैदराबादहून गोठवलेले समोसे आणले होते, तेव्हापासून अत्तीला वाटायचं की फ्रीजरमधलं सगळं नुसतं तळायचं असतं.

मी रस्त्यावर धावत येऊन तिला फोन लावला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "अत्ती, ते तळू नका. खराब झालंय."

"फ्रीजरमदलं कामून खराब व्हतंय? थांब, उघडून बघते."

"उघडू नका," मी म्हणाले, पण फोन बंद झाला होता. परत लावला, उचलेना. पिठाचा डबा तिथंच टाकून मी पळत सुटले. आमच्या गुरूंच्या, जंगमांच्या ताटात ते पडलं तर काय, हा एकच विचार डोक्यात. ज्या घरात आजवर चाकूनं फक्त भाजी कापली, त्या घरात मी हे आणून ठेवलं होतं. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली.

बाहेरच्या खोलीत स्वामी बसले होते. त्यांना नमस्कार करून मी आत गेले. गॅस बंद होता. ताटलीत पाकीट फाडलेलं, आणि अत्ती ओट्यापासून दोन हात लांब उभी. तिची बोटं ओली होती.

"ह्याला डोळे हायत," ती हळूच म्हणाली.

बाहेरून स्वामी अत्तीला म्हणाले, "अक्का, तळण राहू द्या. एवढा तरास कशाला घ्यायलाव?"

अत्तीनं माझ्याकडं पाहिलं. मग आतूनच म्हणाली, "बोंडा खराब निघाला, स्वामी. केळी देते." माझंच खोटं तिनं जंगमांपुढं ठेवलं. आणि मला म्हणाली, "तू दे. म्या शिवलेय." स्वामींच्या पाया पडल्याशिवाय जिनं त्यांना कधी जाऊ दिलं नाही, ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली. जाताना त्यांनी विचारलं, अक्का कुठं? मी सांगितलं, न्हाणीत. अजून एक खोटं.

मग ती खरंच न्हाणीत गेली. थंड पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली, तांब्यावर तांब्या. मी बाहेर ऐकत उभी. शरमेनं मला रडूही येईना.

ओल्या केसांनी ती बाहेर आली. "तोंड कुठं हाय त्याचं?"

मास्तरीण आहे मी, विचारलं की सांगते. हातांच्या मधोमध पोपटासारखी चोच. मेंदू कड्यासारखा गोल, आणि गळ्याची नळी त्या कड्यातून जाते. म्हणून बारीक तुकडे करूनच खावं लागतं, मोठा घास मेंदूला इजा करतो.

तिनं ऐकून घेतलं. "आन् तू येवढं गिळून कालपासून कशी बसलीस?"

मी तिला केस पुसायला पंचा दिला.

"सांगितली असतीस तर सोडावाल्याकडून बरफ आणून परसात ठिवली असती म्या. उद्या पोरं वाट बघतील न्हवं." आणि तिनं तसंच केलं. बादलीत बर्फ, वर झाकण, मांजर येऊ नये म्हणून झाकणावर वरवंटा. पाकीट मात्र मला उचलायला लावलं.

सोमवारी मी पोरांना सगळं दाखवलं. पिसासारखी आतली पारदर्शक पट्टी, शाईची पिशवी, कल्ल्यांजवळची दोन हृदयं आणि मधलं तिसरं. मला विचारणाऱ्या त्या मुलीनं तीनदा मोजून घेतली. गळ्याची नळी मी सगळ्यात शेवटी दाखवली.

अत्तीनं फ्रीज स्वतः घासून धुतला आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही. डबा अजून तीच देते. फक्त फ्रीज उघडायचा असला की दारावर हात ठेवून थांबते, तिच्याच घरात, आणि मला विचारते, "उघडू का ग?"